जुनी मिनीबाइक घेताना: आधी फ्रेम, मग इंजिन

अमेरिकेत घरामागे थोडी मोकळी जमीन असली, की मिनीबाइकची जाहिरात डोळ्यांत भरू लागते. वाकवलेल्या नळ्यांची बुटकी फ्रेम, फुगीर टायर, दोरी ओढून सुरू होणारे इंजिन. गिअर नाही, बॅटरी नाही. फेसबुक मार्केटप्लेस आणि क्रेगलिस्टवर वापरलेल्या मिनीबाइक सतत विकायला असतात, आणि जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत एकच वाक्य असते: इंजिन एका ओढीत सुरू होते. घेणाराही इंजिनचा आवाज ऐकून खूश होतो आणि पैसे मोजतो.

हा क्रम उलटा आहे. या गाडीत सगळ्यात सहज बदलता येणारी वस्तू म्हणजे इंजिनच. चार बोल्ट सोडले की ते खाली येते आणि त्याच मापाचे नवे कोरे इंजिन साधारण दीडशे-दोनशे डॉलरना मिळते. स्टिअरिंगच्या गळ्यापाशी चिरलेली फ्रेम, वाकलेला फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) किंवा खरवडलेला नंबर यांना मात्र असा इलाज नाही. म्हणून तपासणी फ्रेमपासून सुरू करा आणि इंजिन शेवटी ठेवा.

बघायला जाताना सोबत टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, मोजपट्टी, २१ मिमीचा प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), तीन-चार मीटर दोरा आणि पांढरे फडके घ्या. विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

समोर उभी आहे ती कोणती

जुन्या दिसणाऱ्या मिनीबाइक दोन प्रकारच्या असतात. पहिल्या खरोखरच जुन्या, १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या: ओहायोतल्या मॅन्सफिल्डची रप, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची बोनान्झा, अल्हाम्ब्राच्या स्टीन्सची टाको. दुसऱ्या त्यांच्याच घाटाच्या पण गेल्या वीसेक वर्षांत, बहुतेक चीनमध्ये बनलेल्या: कोलमन सीटी२००यू, बाहा वॉरियर, मासिमो एमबी२००, मेगा मोटो. दोन्हींचे बाजार वेगळे, भाव वेगळे. नव्या गाडीला जुन्यासारखा रंग देऊन ‘व्हिंटेज’ म्हणून विकण्याचा प्रकारही चालतो, म्हणून हा फरक ओळखता आलाच पाहिजे.

आधी चाक बघा. जुन्यांना बहुधा ४, ५ किंवा ६ इंची रिमवर ४.१०/३.५० मापाचे अरुंद टायर असतात. नव्या मोठ्या गाड्यांना १९ × ७-८ चे रुंद टायर असतात, म्हणजे १९ इंच व्यास, ७ इंच रुंदी आणि ८ इंची रिम. मग इंजिन बघा. जुन्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन आणि टेकम्सेह इंजिनांचे वॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात, त्यामुळे हेड म्हणजे नुसती पंखेदार सपाट पट्टी दिसते. नव्यांत सिलिंडर तिरपा असतो आणि हेडच्या टोकाला वॉल्व्हचे झाकण असते. नवी इंजिने होंडा जीएक्स२०० च्या नकला आहेत: ६८ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, १९६ सीसी. आपल्याकडे पॉवर वीडरवर आणि छोट्या पाणीपंपांवर याच घाटाचे इंजिन असते, त्यामुळे शेतीच्या घरातून आलेल्यांना ते उघडायला शिकवावे लागत नाही.

धाकट्या भावंडांपासून सावध राहा. डूडलबग आणि कोलमन सीटी१००यू फोटोत मोठ्या वाटतात, पण त्यांना ९७-९८ सीसीचे इंजिन आणि १४५/७०-६ चे टायर असतात. शंका आली तर इंजिनच्या शाफ्टला कॅलिपर लावा. १९६ सीसीचा शाफ्ट पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी, धाकट्यांचा १५.८८ मिमी. एकाचा क्लच दुसऱ्याला बसत नाही. धाकट्या फ्रेमवर २१२ सीसीचे इंजिन चढवलेले असेल तर गाडी सोडून द्या. त्या फ्रेमचा ब्रेक आणि इंजिनखालची पट्टी अडीच-तीन अश्वशक्तीच्या हिशेबाने केलेली असते.

जुन्या इंजिनाचे वय त्याच्यावरच कोरलेले असते. ब्रिग्जच्या पत्र्याच्या आवरणावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. कोडचे पहिले दोन अंक वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. म्हणजे ७१०४२१ ने सुरू होणारा कोड २१ एप्रिल १९७१ चा. टेकम्सेहवर एचएस४० असेल तर ते ४ अश्वशक्तीचे आडव्या शाफ्टचे इंजिन. त्याच्या अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. दशक मात्र गाडीच्या इतर खुणांवरून ठरवावे लागते. ही तारीख इंजिनची आहे, गाडीची नाही. पन्नास वर्षांत इंजिन दोनदा बदललेले असू शकते, आवरण तर त्याहून सहज. जुन्या साच्याच्या नव्या फ्रेमही मिळतात. अस्सल जुन्या गाडीची किंमत मूळ टाकी, सीट, मडगार्ड, चेनगार्ड आणि स्टिकर यांत असते. फिकट, खरचटलेला पण मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मोलाचा, कारण नव्या रंगाखाली काय लपले आहे ते कळत नाही.

(भारतात १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटामुळे ओळखली गेलेली राजदूत जीटीएस १७५ दिसायला याच कुळातली, पण ती गिअरची, नोंदणी होणारी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. तिची पारख वेगळ्या पद्धतीने करावी लागते.)

नंबर आणि कागद

नव्या मिनीबाइकचा १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, बहुधा स्टिअरिंगच्या गळ्यावर ठोकलेला असतो. त्यावर बोट फिरवा. आजूबाजूचा भाग घासल्यासारखा गुळगुळीत, किंवा रंगाचा थर तेवढ्याच जागी जाड लागला, तर पुढे बोलू नका. चिनी बनावटीचा नंबर एल या अक्षराने सुरू होतो. डावीकडून दहावे अक्षर बहुतेकदा मॉडेलचे वर्ष सांगते: जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे व्हीआयएनमध्ये वापरतच नाहीत. दिसली तर नंबर खोटा किंवा चुकीचा वाचलेला.

या गाड्या रस्त्यासाठी नसतात, म्हणून टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, मिळेलच असे नाही. त्याबाबत प्रत्येक राज्याचे नियम निराळे. निदान उत्पादकाचे मूळ प्रमाणपत्र किंवा दुकानाची पावती मागा. तेही नसेल तर विक्रीपत्र लिहून घ्या. त्यात तारीख, रक्कम, व्हीआयएन, इंजिन क्रमांक, दोघांची नावे-पत्ते आणि सह्या हव्यात, आणि विकणाऱ्याचे ओळखपत्र बघूनच नाव लिहा. गॅरेजमधून आणि ट्रकच्या मागून या गाड्या सहज उचलून नेता येतात, म्हणून पैसे देण्याआधी नंबर स्थानिक पोलिसांकडून तपासून घेणे चांगले. ग्राहक सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या संकेतस्थळावर मॉडेलचे नाव टाकून ते परत मागवलेल्यांच्या यादीत आहे का, तेही बघा.

फ्रेम

गाडी उजेडात आणा आणि फडक्याने चिखल पुसा. चिरा तीन जागी पडतात. पहिली जागा म्हणजे स्टिअरिंगचा गळा, जिथे वरची आणि खालची नळी त्याला मिळतात. उडी मारून पुढच्या चाकावर आपटलेली गाडी इथेच फाटते. दुसरी, इंजिनच्या पट्टीच्या कोपऱ्यांतले वेल्डिंग. एकाच सिलिंडरचे इंजिन सतत हादरत असते आणि बोल्ट ढिले राहिले तर पट्टी थकते. तिसरी, मागच्या अक्षाच्या खाचा. चीर पुष्कळदा केसाएवढी असते. रंगात तांबूस गंजाची सरळ रेघ दिसली तर ती नुसती ओरखड्याची समजू नका. नखाने रंग खरवडून खालचा धातू बघा. एकाच जोडावर मूळ वेल्डिंगपेक्षा जाड, खडबडीत थर असेल तर तिथे आधी तुटलेले आहे. इंजिनच्या पट्टीवरचे नीट केलेले वेल्डिंग एक वेळ चालेल, गळ्यावरचे चालणार नाही. तो जोड तुटला तर पुढचे चाक हँडलसकट गाडीपासून सुटते.

फ्रेम सरळ आहे का ते दोऱ्याने कळते. हँडल सरळ धरून मागच्या टायरच्या बाजूला दोरा ताणा आणि पुढच्या टायरपर्यंत न्या. दोन्ही टायर एकाच मापाचे असतील तर दोरा दोन्ही टायरांच्या पुढच्या-मागच्या कडांना टेकला पाहिजे. दुसऱ्या बाजूनेही असेच करा. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला दाब असेल तर फोर्क किंवा फ्रेम पिळलेली आहे, किंवा मागचे चाक खाचेत तिरके बसवलेले आहे. तिरके चाक पाच मिनिटांत दुरुस्त होते, म्हणून दोन्हीकडच्या चेन-ताण बोल्टांच्या खुणा आधी बघा.

पुढचे चाक उचलून फोर्क पुढे-मागे हलवा. खटखट लागली तर गळ्यातले बुश किंवा बेअरिंग झिजले आहे. ते बदलता येते. हँडल मधेच अडकत असेल तर गळ्याची नळीच दबलेली असू शकते.

चाके, चेन, क्लच, ब्रेक

टायरच्या बाजूच्या भिंती चिमटीत दाबून बारीक भेगा शोधा. एकेक टायर ट्यूबसकट पन्नासेक डॉलरला पडतो. चाक फिरवून डगमग बघा, मग हाताने आडवे हलवून बेअरिंगचा खेळ बघा.

चेनचे माप तिच्या कड्यांच्या बाजूच्या पट्ट्यांवर कोरलेले असते. ४२० आणि ४१ ही मापे व्यवहारात एकमेकांच्या जागी चालतात. ४० नंबरची चेन त्यांच्यापेक्षा रुंद असते. ३५ नंबरची अगदी बारीक. ४०, ४१ आणि ४२० या तिन्हींत दोन पिनांमधले अंतर १२.७ मिमी असते. चेन ताणून दहा कड्यांचे अंतर मोजा: नवी असेल तर १२७ मिमी. ते १२९ च्या पुढे गेले असेल तर चेन बदला, आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर तेही. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर तीही लवकर जाते. चेनचा झोल मधोमध १२ ते १५ मिमी असावा.

आता दोन्ही स्प्रॉकेटचे दात मोजा. यातून गाडी कशी वापरली गेली ते कळते. मूळ इंजिन गव्हर्नरमुळे, म्हणजे वेगाला आवर घालणाऱ्या यंत्रणेमुळे, मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्यांवर थांबते. पुढे १० आणि मागे ६० दात असतील तर चाक मिनिटाला ६०० फेऱ्या घेईल, आणि १९ इंची टायरवर वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जाईल. वेगासाठी मागचे स्प्रॉकेट लहान केले असेल तर गाडी उचलताना क्लच जास्त वेळ घसरतो आणि जळतो. मागच्या स्प्रॉकेटचा बदल सांगणारा विक्रेता क्लचचा बदल क्वचितच सांगतो.

क्लच सेंट्रिफ्युगल असतो: इंजिनचा वेग वाढला की आतले वजनदार शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात. ड्रम निळसर झाला असेल किंवा जळका वास येत असेल तर क्लच तापून गेलेला आहे. चढावर हळूहळू रखडत चालवणे, जड स्वार आणि ब्रेक दाबून थ्रॉटल देणे ही त्याची कारणे. नवा क्लच तीस ते पन्नास डॉलर. तपासायला मागचे चाक जमिनीपासून वर टेकवा, इंजिन मंद चालू द्या आणि चेनपासून हात लांब ठेवा. चाक हळूच फिरले तर फार काही नाही, पण ब्रेकने थांबवल्यावर इंजिन बंद पडू लागले तर आयडल (थ्रॉटल न देता इंजिनचा मंद वेग) जास्त आहे, क्लचच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत किंवा बुश कोरडे पडून अडकले आहे. क्लचऐवजी पट्ट्यावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर बसवलेला असेल तर ती चांगली सुधारणा आहे, विशेषतः चढाच्या जागी. नेहमीच्या ३० सीरिजमध्ये पट्ट्याची सरळ बाजू इंजिनकडे हवी. उलटा बसवलेला पट्टा कडेने झिजून काळा भुसा टाकतो.

ब्रेक बहुतेक मॉडेलांना फक्त मागच्या चाकाला असतो, म्हणून त्यात तडजोड नको. गाडी खडीवर चालण्याच्या वेगाने ढकला आणि ब्रेक दाबा. मागचे चाक जाम झाले पाहिजे. काही अस्सल जुन्या गाड्यांत नुसती लोखंडी पट्टी टायरवर घासते. ओल्यात ती जवळजवळ काम करत नाही, त्यामुळे ती गाडी संग्रहासाठीच घ्या.

इंजिन

आता इंजिनकडे या. हेडजवळ हात नेऊन बघा. गरम लागले तर विकणाऱ्याने आधीच चालवून ठेवले आहे. थंड सुरू होण्याची अडचण गरम इंजिनात लपते.

ऑइलची काडी काढा, पुसा आणि आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. गाडी सपाट जागी असेल तर ऑइल भरण्याच्या तोंडाच्या काठापर्यंत दिसले पाहिजे. पूर्ण मात्रा ०.६ लिटर. पांढऱ्या फडक्यावर थेंब पसरवा. काळे असले तरी हरकत नाही, दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, चंदेरी चमक असेल तर पिस्टनला शाफ्टशी जोडणारा ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड झिजतो आहे. असे का होते? नवी गाडी खोक्यात ऑइलशिवाय येते आणि काही जण तशीच दोरी ओढतात. शिवाय या इंजिनात ऑइलचा पंप नाही. रॉडच्या टोकाची छोटी पळी ऑइल उडवते. २० अंशांपेक्षा जास्त कलून चालवत राहिले तर पळीला ऑइल सापडत नाही.

स्विच बंद ठेवून दोरी हळू ओढा. एका टप्प्यावर स्पष्ट अडकले पाहिजे. काहीच जोर लागला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाही किंवा त्याहून वाईट काही आहे. या इंजिनात सुरू करणे सोपे व्हावे म्हणून कॅमवर दाब सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे कॉम्प्रेशन गेजचा कमी आकडा बघून लगेच घाबरू नका. प्लग काढा. तपकिरी असेल तर चांगला, कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, ओला तेलकट असेल तर रिंगा किंवा वॉल्व्हचे सील गेले. फट ०.७ ते ०.८ मिमी असावी. प्लग काढलेला असतानाच दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा आणि शाफ्टचे टोक बघा. ते डगमगत फिरले तर शाफ्ट वाकलेला आहे आणि इंजिनचा हिशेब शून्य धरा.

मग चोक लावून सुरू करा. तीन-चार ओढींत झाले पाहिजे. दोन मिनिटांनी चोक पूर्ण काढा. चोक काढताच बंद पडत असेल, किंवा आवाज सारखा वर-खाली होत असेल, तर बहुतेक वेळा कार्बोरेटरचे बारीक जेट जुन्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने बुजलेले असते. ही छोटी दुरुस्ती आहे. अख्खा नवा कार्बोरेटर वीसेक डॉलरला येतो. विकणारा याला मोठा बिघाड समजून भाव पाडून बसला असेल तर तुमचा फायदा. निळा धूर सुरुवातीला क्षणभर आला तर गाडी आडवी ठेवलेली असेल. दहा मिनिटांनंतरही येत राहिला तर रिंगा. शेवटी बंद करायचा स्विच चालतो का ते नक्की बघा.

विकणारा तयार असेल तर वॉल्व्हचे झाकण काढून पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही वॉल्व्ह बंद अशा स्थितीत फट मोजा. थंड इंजिनात इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. जुन्या ब्रिग्ज-टेकम्सेहमध्ये ठिणगी नसेल तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड फिरत्या चाकाच्या, खालचे पॉइंट (ठिणगी पाडणारे संपर्क) साफ करून ०.५ मिमीवर लावल्याने पुष्कळदा काम होते.

गव्हर्नर काढलेली गाडी

हे वेगळे सांगायला हवे, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. वेग वाढवण्यासाठी अनेक जण गव्हर्नर काढतात. इंजिनच्या बाहेरचा गव्हर्नरचा दांडा, कार्बोरेटरपर्यंतची तार आणि बारीक स्प्रिंग जागेवर आहेत का बघा. दांडा नसेल, त्याच्या भोकात बूच मारले असेल, थ्रॉटलची केबल थेट कार्बोरेटरला जोडली असेल, तर गव्हर्नर गेला. मग मूळ रॉड आणि ओतीव लोखंडी फ्लायव्हील ३,६०० च्या बऱ्याच पुढे फिरतात, ज्यासाठी ते बनवलेलेच नाहीत. रॉड तुटला तर इंजिनला भोक पडते. फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे वरचा पातळ पत्रा अडवत नाही, आणि ते स्वाराच्या पायांमध्ये असते.

बिलेट, म्हणजे अखंड धातूतून कोरलेले, रॉड आणि फ्लायव्हील बसवल्याची पावती दाखवली तर गोष्ट वेगळी, पण तरीही ती मुलांची गाडी नव्हे. पावती नसेल तर इंजिन बदलायचे धरूनच बोली लावा. फक्त बाहेरची तार काढलेली असेल तर ती पुन्हा जोडता येते. आतला गिअर काढलेला असेल तर क्रँककेस, म्हणजे इंजिनचे खालचे पोट, उघडावी लागते.

भाव आणि पहिला दिवस

त्याच मॉडेलचा आजचा नवा भाव दुकानात बघा, त्यातून लागणाऱ्या भागांची किंमत वजा करा, आणि उरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास बोलणे सुरू करा. फ्रेम सरळ, नंबर स्वच्छ, ब्रेक ठीक आणि इंजिन मेलेले, अशी गाडी कमी पैशांत मिळाली तर आनंदाने घ्या. मोठ्या गाड्यांची भारमर्यादा साधारण २०० पाउंड, म्हणजे ९० किलो असते. लेबलवर ती आणि चालवणाऱ्याचे किमान वय दोन्ही वाचा. सार्वजनिक रस्ता आणि पदपथ यांवर ती चालवता येत नाही, आणि वसाहतीच्या संस्थेचे नियमही आधी विचारा. सरकारी जंगलाच्या वाटांवर बऱ्याच ठिकाणी ठिणगीरोधक सायलेन्सर लागतो. भारतात नेण्याचा बेत असेल तर तो सोडा. रस्त्यासाठी तिची नोंदणी होणार नाही.

घरी आणल्यावर टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका, टॉर्चने टाकीत गंज बघा, १०डब्ल्यू-३० ऑइल घाला, नवा प्लग लावा, आणि इंजिनच्या पट्टीचे, अक्षाचे व हँडलचे सगळे बोल्ट आवळा. अर्धा तास चालवून झाल्यावर थंड होऊ द्या आणि तेच बोल्ट पुन्हा तपासा.